वाचनालयाच्या कपाटांतून : घरांतलीं झांकलेलीं पानें

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांपैकीं एक पत्र अजून आमच्या टेबलावरच आहे. नित्याच्या पत्रांत 'अमुक पुस्तक कोठें मिळेल', 'अमुक लेखकाचें नवीन कांहीं आलें काय' अशी पृच्छा असते, आणि तिचें उत्तर दोन ओळींत देतां येतें. हें पत्र तसें नव्हतें. लिहिणाऱ्या बाई वयानें वडील, घर एकत्र, माणसें नऊ आणि वाचनालयाचीं कार्डें दोन. नांवगांव आम्ही अर्थातच देत नाहीं. बाई लिहितात कीं, त्यांच्या विशींतल्या नातवानें वाचनालयांतून 'कोबाल्ट ब्लू' नांवाची एक लहानशी कादंबरी आणली. ती झोपाळ्यावर राहिली. सूनबाईंनीं दुपारीं सहज चाळली, आणि संध्याकाळीं ती कपाटांत कुलुपबंद झाली. तेव्हांपासून मुलगा कांहीं बोलत नाहीं, त्याची आई कांहीं बोलत नाहीं, आणि पुस्तकाची मुदत टळून दंड मात्र रोज वाढतो आहे. पत्राच्या शेवटीं दोन प्रश्न आहेत. घरांतल्या नात्यांविषयीं आणि घरानें झांकून ठेवलेल्या गोष्टींविषयीं ज्या चांगल्या कादंबऱ्या अलीकडे झाल्या असतील, सासू-सुनांनीं मिळून वाचाव्या अशा, त्यांचीं नांवें कळवावीं, हा पहिला. तें कुलुपांतलें पुस्तक परत करावें कीं वाचावें, हा दुसरा.

पहिला प्रश्न या सदराच्या नित्याच्या कक्षेंतला आहे. दुसऱ्याचें उत्तर देण्याचा अधिकार आम्हांस कितपत आहे, हा विचार दोन दिवस मनांत घोळला. शेवटीं असें ध्यानांत आलें कीं, पहिल्याचें उत्तर नीट दिलें तर दुसऱ्याची वाट पुष्कळशी मोकळी होते. म्हणून क्रमानेंच जाऊं.

घराण्याचें गुपित म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जुन्या नाटकसिनेमांतला प्रसंग उभा राहतो : जत्रेंत हरवलेला मुलगा, दंडावरची खूण, मरणशय्येवर उच्चारलेलें एखादें नांव. तसल्या गोष्टींत गुपित कोणालाच ठाऊक नसतें, आणि तें कळलें कीं पडदा पडतो. खऱ्या घरांतलें गुपित निराळें. तें बहुधा सर्वांना ठाऊक असतें. कोणी बोलत नाहीं, इतकेंच. एखाद्या काकांचें नांव निघालें कीं विषय बदलतो, एखादी तसबीर भिंतीवर नसते, एखाद्या गांवाला घरचें कोणी जात नाहीं. प्रश्न न विचारतांच मुलें हें व्याकरण शिकतात. चांगला कादंबरीकार या न बोलण्याचा हिशेब मांडतो. तें कोणासाठीं आहे, त्याची किंमत कोण भरतो, आणि ती किती पिढ्या भरावी लागते, हें तो दाखवितो. पुढील पुस्तकें आम्हीं याच एका कसोटीवर निवडलीं आहेत. 'अलीकडच्या' हा शब्द आम्हीं थोडा सैल धरला आहे. वाचनालयाच्या कपाटांत परवांचें पुस्तक आणि साठ वर्षांपूर्वींचें पुस्तक शेजारींशेजारींच उभें असतें.

सासू-सुनांनीं मिळून प्रारंभ कोठून करावा असें विचाराल, तर श्री. ना. पेंडसे यांच्या 'रथचक्र'पासून. ही कादंबरी १९६२ ची. १९६३ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोंकणांतलें एकत्र कुटुंब, संसार सोडून गेलेला नवरा, आणि पदरीं मुलें असलेली सून, एवढा हा संसार. या नायिकेला लेखकानें नांवच दिलेलें नाहीं. पुस्तकभर ती केवळ 'ती' आहे. अशा स्त्रीला एकत्र कुटुंबांत अन्न मिळतें, छप्पर मिळतें. परंतु आपल्या मुलांनीं शिकावें असें तिनें म्हटलें कीं तें तिच्या पायरीबाहेरचें ठरतें. तिचें भांडण कोणा एका दुष्ट माणसाशीं नाहीं. 'आहे तें काय वाईट आहे?' असें शांतपणें विचारणाऱ्या घराशीं आहे. एकत्र कुटुंबाची ऊब आणि त्याचा काच एकाच पुस्तकांत इतक्या समतोलपणें क्वचित् भेटतो. जिनें पुष्कळ वर्षें सासुरवास केला आणि जिनें पुढें सासूपण भोगलें, त्या दोघी एकाच स्त्रींत असतात. अशा वाचकाला हें पुस्तक दोन बाजूंनीं बोचेल, आणि तेंच इष्ट आहे.

पेंडशांचेंच 'तुंबाडचे खोत' (१९८७) हें दोन जाड खंडांचें काम आहे. हातीं घेतांना दिवाळीची सुटी नाहींतर आजारपणानंतरची विश्रांति पाहून घ्यावें. खेड तालुक्यांतली जगबुडी नदी, तिच्या कांठचें गांव, आणि त्या गांवच्या खोतांच्या चार पिढ्या. एका पिढीनें केलेला अन्याय पुढच्या पिढीला वारसा म्हणून येतो. जमिनीच्या उताऱ्यावर त्याची नोंद नसते, तरी वाटणी मात्र सर्वांना मिळते. खोतांच्या घरांत चांगलीं माणसेंहि पुष्कळ आहेत, आणि त्यांचें चांगुलपण घराण्याच्या नांवाखालीं कसें भरडलें जातें, हेंच या कादंबरीचें मर्म. येथें एक सूचना करून ठेवतों. २०१८ सालीं 'तुंबाड' नांवाचा हिंदी चित्रपट निघाला. त्यानें नांव येथून घेतलें; कथा मात्र पेंडशांची नव्हे. चित्रपट पाहून आलेल्या तरुण मंडळींनीं खजिना आणि राक्षस शोधीत हे खंड उघडले तर निराशा होईल. खजिन्याहून अवघड गोष्ट येथें आहे, ती म्हणजे भाऊबंदकी.

परंतु या महिन्यांत एकच पुस्तक आणावयाचें असेल, तर तें 'वंशवृक्ष' असावें. कन्नड कादंबरीकार एस्. एल्. भैरप्पा यांची ही १९६५ ची कादंबरी उमा कुलकर्णी यांनीं मराठींत आणली आहे. भैरप्पांच्या 'पर्व' चा अनुवादहि त्यांचाच, तो पुष्कळांनीं वाचला असेल. नंजनगूड हें कपिला नदीच्या कांठचें क्षेत्र. तेथले श्रीनिवास श्रोत्री हे धर्मशास्त्राचे जाणते, आचारानें निर्मळ, ज्यांच्या शब्दाला पंचक्रोशींत मान आहे असे गृहस्थ. त्यांचा एकुलता मुलगा नदींत बुडून जातो. मागें तरुण विधवा सून कात्यायनी आणि लहानसा नातू. सून शिकावयास म्हैसुरास जाऊं लागते, पुढें पुनर्विवाह करते. मूल मात्र आजोबांच्या घरीं राहतें. कारण मूल वंशाचें.

येथवर ऐकून वाचकांस वाटेल कीं, हा जुन्या-नव्याचा नेहमींचा वाद आहे, आणि लेखक कोणत्या बाजूचा एवढेंच पाहावयाचें. भैरप्पा तसें सोपें काम करीत नाहींत. श्रोत्री कठोर नाहींत. सुनेवर ते रागें भरत नाहींत, तिला शिव्याशाप देत नाहींत. त्यांची श्रद्धा केवळ एका गोष्टीवर उभी आहे : वंश हा मनुष्याहून मोठा आहे, आणि मनुष्यानें त्याच्यासाठीं सोसावें. कात्यायनीनें या श्रद्धेची किंमत आईपणानें भरली. मग आयुष्याच्या उतरणीवर श्रोत्रींच्या हातीं घरांतलेच जुने कागद येतात, आणि ज्या वंशासाठीं हें सारें केलें त्या वंशांतील आपल्या स्वतःच्या जन्माविषयीं त्यांना जें कळतें, तें आम्ही येथें सांगत नाहीं. सांगण्यासारखें इतकेंच कीं, त्या कागदांनंतर श्रोत्री जसे वागतात तें वाचतांना आम्हांस त्यांच्याविषयींचा आदर कमी न होतां वाढला. लेखकानें सनातन माणसाची थट्टा केली नाहीं आणि सुनेचीहि केली नाहीं. ज्या घरांत आजोबांचा शब्द अजून चालतो, त्या घरांत आजोबांनींच हें पुस्तक प्रथम वाचावें, अशी आमची नम्र सूचना आहे.

वंश म्हटला कीं कुलवृत्तांत आठवतो. आपल्यांतल्या पुष्कळ घराण्यांनीं विसाव्या शतकांत आपापले कुलवृत्तांत छापले. आमच्याहि कपाटांत एक जाडजूड प्रत आहे. मूळ पुरुष, शाखा, गोत्र, प्रवर, कुलस्वामी, कोण कोठें जाऊन स्थायिक झाला, कोणाला किती पुत्र. मोठ्या कष्टाचें आणि उपयोगाचें काम. पण वंशवेलींत लेकी क्वचितच सांपडतात, सुनांचीं माहेरचीं नांवें पुष्कळदां नुसतीं कंसांत उरतात, आणि जो घरांतून निघून गेला त्याच्या नांवापुढें रेघ थांबते. रंगनाथ पठारे यांनीं २०१९ सालीं आपल्या मोठ्या कादंबरीला 'सातपाटील कुलवृत्तांत' असें नांव दिलें, तें या परंपरेकडे पाहूनच. अल्लाउद्दीन खिलजीच्या काळापासून आजपर्यंत सुमारें सातशें वर्षांतलें एक मराठा कुळ त्यांनीं उभें केलें आहे, आणि छापील कुलवृत्तांत जेथें थांबतो, म्हणजे परजातीचें रक्त, पळून येणें, पळवून आणणें, नांव बदलणें, तेथूनच ते लिहूं लागतात. शुद्ध कुळ असें कोठें असतें काय, हा त्यांचा प्रश्न. पुस्तक फार मोठें आहे आणि सर्वत्र सारखें रंगत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु आपल्या घरचा कुलवृत्तांत अभिमानानें उघडणाऱ्यानें एकदां हाहि शेजारीं उघडून ठेवावा.

आतां शहरांतल्या घरांकडे येऊं. शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' १९९० ची. मुंबईंतल्या एका कुटुंबांतली थोरली लेक रीटा तरुणपणींच नोकरी धरते आणि आईवडील व बहिणी यांचा भार उचलते. घर तिच्या पगारावर चालतें. तिच्या आयुष्याविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं, कारण विचारलें तर उत्तर ऐकावें लागेल. विवाहित वरिष्ठाशीं असलेलें तिचें वर्षानुवर्षांचें नातें हें तिचें गुपित. आणि जिच्या कमाईवर आपण जगतों तिला आपण कधीं मोकळें केलें नाहीं, हें घराचें गुपित. एके दिवशीं मन हें ओझें टाकून देतें आणि ती रुग्णालयांत जाते. तेथून ती कशी उठते, ती ही कथा. तिची मैत्रीण सरस्वती हिच्याहि तोंडून आपण कांहीं भाग ऐकतों, आणि मैत्रीण हें नातें रक्ताच्या नात्यांहून किती जड भार पेलूं शकतें हें कळतें. लेखिकेनें स्वतःच तिचें इंग्रजी रूपांतर केलें, आणि २००९ सालीं रेणुका शहाणे यांनीं तिच्यावर 'रीटा' हा मराठी चित्रपट काढला. ज्या घरांत एखादी लेक 'तिनें आमच्यासाठीं लग्न केलें नाहीं' अशा कौतुकाच्या वाक्यांत वर्षानुवर्षें अडकली आहे, त्या घरानें हें पुस्तक अवश्य वाचावें.

याच्या शेजारीं गौरी देशपांडे यांचें 'एकेक पान गळावया' (१९८०) ठेवावें. तीन दीर्घकथांचें हें पुस्तक. नवराबायको, आई-मुलें, वाढतें वय, या नेहमींच्या नात्यांत जें कोणी उच्चारीत नाहीं तें यांतल्या स्त्रिया अगदीं सहज आवाजांत उच्चारतात. महर्षि कर्व्यांची ही नात, इरावतीबाईंची लेक. घरचा धीट विचार तिच्या वाक्यावाक्यांत आहे.

इंग्रजी वाचणाऱ्या घरांसाठीं आणखी एक लहान पुस्तक सांगतों. विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' ही मूळ कन्नड कादंबरी २०१३ ची. श्रीनाथ पेरूर यांनीं केलेलें तिचें इंग्रजी भाषांतर २०१५ सालीं निघालें. एका बैठकींत संपेल एवढीच. पण एकत्र कुटुंबाविषयीं इतकें निर्दय आणि इतकें ओळखीचें पुस्तक आम्हीं दुसरें वाचलेलें नाहीं. बंगळुरांतलें मध्यमवर्गीय घर. आईवडील, मुलगा, मुलगी आणि अविवाहित काका. मुंग्यांनीं भरलेल्या लहान घरांत सर्वजण ओढगस्तीनें, पण एकमेकांना धरून राहतात. पुढें काकांचा मसाल्यांचा धंदा भरभराटतो, मोठें घर होतें, आणि सारें घर काकांच्या मिळकतीभोंवतीं फिरूं लागतें. त्यांच्या चहाची वेळ, त्यांची आवड, त्यांची मर्जी. एके दिवशीं एक अनोळखी बाई काकांसाठीं घरून आमटी घेऊन दाराशीं येते. ती कोण, हें कोणी विचारीत नाहीं. घरांतल्या स्त्रिया मिळून तिला हांकून लावतात, आणि त्यांच्या तोंडचे शब्द ऐकून नवी सून अनिता थिजून जाते. त्या घरांत तिला एकटीलाच लाज वाटते, आणि म्हणूनच ती परकी ठरते.

'घाचर घोचर' हा शब्द कोणत्याहि भाषेंतला नव्हे. गुंतून सुटेनासा झालेल्या दोऱ्यासाठीं अनिताच्या माहेरीं भावंडांनीं लहानपणीं केलेला तो घरगुती शब्द. घराघरांत असे शब्द असतात. बाहेरच्याला ते कळत नाहींत, आणि ते कळूं लागणें म्हणजेच त्या घरचें होणें. शेवटच्या पानावर लेखक कांहींच सांगत नाहीं, आणि तरी पुस्तक मिटवतांना हात थांबतो. घरासाठीं म्हणून माणसें काय काय पाहत नाहींशीं होतात, याचें इतकें थोडक्या पानांतलें चित्र दुर्मिळ आहे. चांगलीं, प्रेमळ, एकमेकांसाठीं जीव टाकणारीं माणसेंच हें करतात, हें त्यांतलें भय.

येथें आम्हांस आमच्या घरची एक गोष्ट सांगणें भाग आहे; नाहींतर दुसऱ्याच्या घराविषयीं बोलण्याचा आम्हांस हक्क नाहीं. १९६५ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हां शाळेंत होतों. आमच्या आजीची दृष्टि मंदावली होती, आणि दुपारीं तिला वाचून दाखविण्याचें काम आमच्याकडे होतें. पोथी झाली कीं वाचनालयाचें पुस्तक. एकदां ज्ञानकोशकार केतकरांची 'ब्राह्मणकन्या' आली. १९३० ची ती कादंबरी. आईकडच्या कुळाला लागलेल्या बोलामुळें कालिंदी नांवाच्या शिकलेल्या मुलीचें ब्राह्मण समाजांत लग्न कठीण होतें, आणि ती निराळीच वाट धरते. आम्हांस त्यांतलें निम्में कळत नव्हतें. कालिंदी घर सोडते तेथवर आल्यावर आजीनें हातानें खूण करून वाचन थांबविलें. आम्हांस वाटलें, पुस्तक आवडलें नाहीं. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "आमच्याकडेहि एक होती."

ती म्हणजे आमच्या आजोबांची धाकटी बहीण. नवव्या वर्षीं लग्न, बाराव्या वर्षीं वैधव्य, आणि पुढें एके दिवशीं घरांतून निघून गेलेली. ती विहिरींत पडली असें गांवाला सांगण्यांत आलें. ती पडली नव्हती. तिनें पुढें कोठें तरी संसार मांडला होता, आणि पहिलें मूल झाल्यावर एक पत्र पाठविलें होतें. त्या पत्राला उत्तर गेलें नाहीं. पत्र आजीच्या हातानेंच चुलींत गेलें; तसें तिला सांगण्यांत आलें होतें. हें सांगतांना आजी रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, "ती कालिंदी पुढें सुखी होते का रे?" पन्नास वर्षें जें नांव आमच्या घरांत कोणी घेतलें नव्हतें, तें त्या दुपारीं घेतलें गेलें, आणि तें घेण्याला निमित्त एका कादंबरीचें झालें. आमच्या कुलवृत्तांताच्या प्रतींत आजोबांच्या नांवाशेजारीं भगिनींची जागा नाहीं. परंतु समासांत, आमच्या वडिलांच्या हस्ताक्षरांत, पेन्सिलीनें एक नांव लिहिलेलें आहे. तें त्यांनीं केव्हां लिहिलें, हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींहि विचारलें नाहीं.

तेव्हांपासून आमचें असें मत झालें आहे कीं, कौटुंबिक कादंबरीचा घराला एक फार मोठा उपयोग आहे. आपल्या घरचें नांव घेतां येत नाहीं, पण कालिंदीचें घेतां येतें. 'हिनें असें करावयास नको होतें', 'हिच्यावर अन्याय झाला', हें आपण पुस्तकांतल्या माणसाविषयीं बोलतों, आणि शेजारीं बसलेल्याला तें कोणाविषयीं आहे हें बरोबर कळतें. भांडण न होतां मत कळतें. ज्याला कांहीं सांगावयाचें आहे, त्याला घर कितपत ऐकूं शकेल याचा अंदाज येतो.

मात्र एक सावधगिरी. प्रत्येक मौन अन्यायाचेंच असतें असें नव्हे. एखाद्याच्या आजाराविषयीं, एखाद्या लेकीवर गुदरलेल्या प्रसंगाविषयीं घर गप्प राहतें, तें कधीं कधीं त्या माणसाची अब्रू राखण्यासाठीं असतें, आणि तें मौन मोडण्याचा हक्क त्या माणसाचाच असतो. कसोटी सोपी आहे. गप्प राहिल्यानें ज्याचें गुपित त्याचें रक्षण होतें, कीं बाकीच्यांची सोय होते? वर सांगितलेल्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा दिसतें तें हें, कीं सोयीचें मौन पुष्कळदां रक्षणाचा वेष घेऊन येतें. आमच्या आजोबांच्या बहिणीचें पत्र जाळलें गेलें तेंहि 'घरासाठीं'च होतें.

आतां त्या कुलुपांतल्या पुस्तकाकडे. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही २००६ सालची कादंबरी पुण्यांतल्या एका आपल्यासारख्याच घरांत घडते. वरच्या खोलींत एक तरुण भाडेकरू राहावयास येतो. पुस्तकभर त्याला नांव नाहीं. घरांतला मुलगा तनय त्याच्यावर प्रेम करूं लागतो. आणि त्याची बहीण अनुजाहि. एकाला दुसऱ्याचें ठाऊक नसतें. पहिला अर्धा भाग भावाचा, दुसरा बहिणीचा. अनुजा त्या तरुणाबरोबर निघून जाते, पुढें एकटी परत येते, आणि तिच्या दुःखासाठीं सारें घर धांवतें, डॉक्टर होतात, विचार होतात. त्याच घरांत, त्याच माणसासाठीं झुरणाऱ्या तनयचें दुःख कोणाला दिसतहि नाहीं, कारण त्याच्यासाठीं त्या घराच्या भाषेंत शब्दच नाहीं. पुस्तकांतली खरी व्यथा हीच. त्यांत कांहीं मोकळीं वर्णनें आहेत, तीं सूनबाईंस खटकलीं असतील तर आश्चर्य नाहीं. सासू-सुनांनीं मोठ्यानें मिळून वाचावें असें हें पुस्तक नव्हे. परंतु तें हलकें पुस्तक नाहीं. जेरी पिंटो यांनीं २०१३ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें, आणि २०२२ सालीं लेखकानेंच त्यावर चित्रपट केला.

पत्र लिहिणाऱ्या बाईंस आमचें सांगणें असें. पुस्तक वाचणारा पुस्तकांतलाच असतो असें मुळींच नाहीं. 'रणांगण' वाचणारा कांहीं जहाजावर चढत नाहीं. आपल्या नातवानें तें कुतूहलानें आणलें असेल, मित्रानें सुचविलें असेल, अभ्यासाला असेल. म्हणून त्याला बोलावून उलटतपासणी करूं नये. परंतु दुसरीहि शक्यता ध्यानांत ठेवावी. घरांत नऊ माणसें असतांना झोपाळ्यावर राहिलेलें पुस्तक दरवेळीं विसरून राहिलेलें असतें असें नाहीं. कधीं कधीं तें ठेवलेलें असतें. ज्याला तोंडानें बोलतां येत नाहीं, तो पुस्तक पुढें करतो, आणि घर काय करतें हें पाहत राहतो. घरानें तें कुलुपांत ठेवलें, हें उत्तर त्याला एव्हांना मिळालेलें आहे. तें शेवटचें उत्तर ठरूं नये.

यासाठीं बाईंनीं स्वतः सुनेकडून किल्ली मागून घ्यावी आणि तें पुस्तक वाचावें. दोन दुपारींचें काम आहे. दंड फार तर चार रुपयांनीं वाढेल. सुनेला दोष देऊं नये. तिनें भीतीनें कुलूप लावलें आहे, आणि आईची भीति ही तिच्या मायेचीच दुसरी बाजू असते. तिलाहि एक गोष्ट सांगावी. प्रौढ माणसांनीं परस्परसंमतीनें केलेलें असलें प्रेम हा आपल्या देशांत गुन्हा नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं तसा निर्णय दिला आहे. कायद्याची भीति गेली म्हणजे लोकांची उरते, आणि ती घरानें पाठीशीं उभें राहून कमी करतां येते. मग पुस्तक नातवाच्या हातीं परत द्यावें आणि म्हणावें, "मीं वाचलें. तो तनय फार एकटा पडला बघ." याहून अधिक कांहीं बोलूं नये. त्याला बोलावयाचें असेल तर तो बोलेल. आज नाहीं तर पुढच्या वर्षीं. बोलावयाचें कांहीं नसेल, तर आजी आपलीं पुस्तकें वाचते एवढा आनंद त्याला होईल. दोन्हींकडून तोटा नाहीं.

वाचनाचा क्रम विचारला आहे, तोहि सांगून संपवितों. प्रथम 'रथचक्र', मग 'वंशवृक्ष', मग 'रीटा वेलिणकर'. मध्यें एखाद्या रविवारीं 'घाचर घोचर'. 'तुंबाडचे खोत' आणि 'सातपाटील कुलवृत्तांत' सवडीनें, एका कार्डावर एक खंड असे. जुनीं पुस्तकें गांवच्या वाचनालयांत न मिळाल्यास मागणीच्या वहींत नोंद करावी. ग्रंथपाल मंडळी त्या वहीकडे आपण समजतों त्याहून अधिक लक्ष देतात. ज्यांच्या आजीनें 'हिंदोळ्यावर' वाचली असेल, त्यांनीं तीहि पुन्हा काढावी. विभावरी शिरूरकर या टोपणनांवाखालीं मालतीबाई बेडेकरांनीं १९३४ सालीं ती लिहिली, आणि नवऱ्यानें टाकलेल्या स्त्रीनें प्रेम करावें काय, मूल होऊं द्यावें काय, हे प्रश्न तेव्हांच आपल्या दिवाणखान्यांत आणून ठेवले. पुस्तकें कुलुपांत घालण्याची तऱ्हा आपल्याकडे नवी नाहीं. तीं कुलुपें पुढच्या पिढीनें उघडण्याची तऱ्हाहि नवी नाहीं.

बाईंनीं पुढें काय झालें तें कळविलें तर आम्हांस बरें वाटेल. न कळविलें तरी आम्ही समजून घेऊं. पुढील अंकीं मुलांसाठीं प्रवासवर्णनें.